येथे गाड्या थांबवून मिळतील

हायवे सोडून तलासरी गावाकडे वळलं की डाव्या हाताला काकांची पत्र्याची शेड होती, आणि शेडवर पाटी होती : 'येथे गाड्या थांबवून मिळतील.' ही पाटी वाचून काही लोक तिथे गाडी उभी करायचे आणि बाजारात निघून जायचे. परत येऊन बघतात तो गाडी ठोकळ्यांवर चढवलेली आणि चारही चाकं भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेली. माणूस चिडून काही बोलायच्या आत हे विचारायचे, "पाटी वाचूनच लावलीत ना?"

ते मिस्त्री होते, पण चाकं आणि ब्रेक सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नसत. कुणी इंजिनाची तक्रार सांगायला लागलं की हात वर करायचे. "गाडी चालू करून द्यायला गावात पाच जण बसलेत. बंद पडलेल्या गाडीनं आजवर कुणी मेलेलं नाही. माझ्याकडं न थांबणारी गाडी आणा." त्यातही गाडी जुनी हवी. नव्या गाड्यांबद्दल ते परक्याच्या सुनेबद्दल बोलावं तसं, जपून बोलत.

मी तेव्हा तलासरीतल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो आणि राहायला डहाणू रोडला. बसची वाट बघून कंटाळलो होतो. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी निवृत्त होताना त्यांची जुनी मोटार मला दिली. देताना एवढंच म्हणाले, "साठच्या वर नेऊ नका." का, ते पहिल्याच दिवशी कळलं. काटा साठवर गेला की आधी स्टिअरिंग थरथरायचं, मग काचा, मग माझे दात. ऑफिसातल्या शिपायाने या मिस्त्रींचं नाव सांगितलं आणि वर बजावलं, "भाऊसाहेब, हुज्जत घालू नका. घातलीत तर काम दुप्पट करतील."

मी गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही की टायर पाहिले नाहीत. मागचं दार उघडून आत बसले, चपला काढल्या, दोन्ही तळपाय गाडीच्या पत्र्यावर सपाट टेकवले आणि डोळे मिटले.

"चला."

"कुठे, काका?"

"साठला."

मी हायवेवर गाडी साठपर्यंत नेली. सगळं थरथरायला लागलं. मागून आवाज आला, "पुढचं डावं चाक. तीस ग्रॅम. फिरवा गाडी."

शेडमध्ये त्यांनी ते चाक काढून एका आडव्या दांड्यावर चढवलं आणि बोटाने हलकेच फिरवलं. चाक फिरलं, मंद झालं, थोडं मागे आलं आणि थांबलं. थांबताना जी बाजू खाली आली ती जड. मग तिच्या समोरच्या बाजूला कडेला शिशाचा छोटा तुकडा ठोकायचा, पुन्हा फिरवायचं, पुन्हा थांबायची वाट बघायची. असं दीड तास चाललं. शेवटी चाक ज्या जागी सोडावं त्याच जागी थांबायला लागलं. तेव्हा त्यांनी शिशाचे तुकडे पुन्हा काढून तागडीत घातले. पस्तीस ग्रॅम भरले. माझी गाडी लोण्यासारखी पळायला लागली, पण ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. पाच ग्रॅमची चूक त्यांना लागली होती.

या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. शिकलेच नव्हते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चालवायला लागलो तर रस्ता बघावा लागेल. मग गाडीकडं कोण बघणार?" आणि ग्रीस-तेलाच्या या धंद्यात ते पांढरा सदरा घालत. कारण विचारलं की सांगायचे, "डाग दिसला पाहिजे. कुठलं तेल कुठून गळतं ते सदऱ्यावर समजतं." गेली कित्येक वर्षं त्या सदऱ्यावर इतकं समजलेलं होतं की मूळ रंगाबद्दल फक्त त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे.

त्यांची खरी प्रसिद्धी मात्र वेगळ्याच कारणाने होती. ब्रेक दाबला की चाकाच्या आतल्या बिडाच्या ड्रमवर दोन बाजूंनी दोन पट्ट्या दाबल्या जातात. मिस्त्री लोक त्यांना लायनर म्हणतात. हे लायनर कुठे आणि कसे झिजलेत ते बघून काका गाडीवाल्याचा स्वभाव सांगायचे. माझे लायनर उजेडात धरून ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही कशाला घाबरता एवढे?"

"मी? नाही हो."

"हँडब्रेक अर्धा ओढून गाडी चालवता तुम्ही. पुढंही जायचंय, आणि काही झालं तर मी आधीच थांबलो होतो असंही म्हणायचंय."

मी हसलो. पण घरी जाऊन बायकोला सांगितलं नाही. तिला हे आधीच माहीत असावं अशी शंका आली.

ही विद्या इतकी पसरली की बोर्डीकडच्या एका वाडीवाल्याने आपल्या मुलीसाठी आलेल्या स्थळाची जीप गुपचूप त्यांच्याकडे आणवली. मुलाला सांगितलं, चाकं बघून घेऊ. मुलगा बिचारा बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होता आणि आत त्याचे लायनर वाचले जात होते. काकांनी निकाल दिला. "उतारावर गियर काढतो. नका देऊ पोरगी."

मुलीच्या बापाने नाही म्हणून पाहिलं, पण मुलगीच हटून बसली आणि लग्न झालं. संसार उत्तम चालला. चार वर्षांनी तो बाप पेढे घेऊन शेडवर आला, नातू झाला म्हणून. "काका, तुमचं गणित चुकलं हां. जावई सोन्यासारखा आहे." काकांनी पेढा तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सारु, सारु. चांगलं झालं. अजून उतार आला नाही."

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसलो तो दिवस सांगतो.

लग्नसराई होती. मी दुपारी रजा टाकून गाडी घ्यायला शेडवर गेलो होतो. तिथे एक प्रवासी जीप उभी होती. तलासरीहून पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावांना माणसं ने-आण करणारी, पत्रा तीन रंगांचा झालेली. शेडबाहेरच्या आंब्याखाली एक वऱ्हाड बसलं होतं. डोंगरपट्ट्यातलं शेतकरी कुटुंब, बायका-पोरं धरून पंधरा-सोळा जण, मधोमध मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. त्यांना पलीकडच्या खोऱ्यात जायचं होतं, घाटाचा उतार उतरून. सकाळी येताना ब्रेक दाबला की पेडल पायाला धडधडत होतं, म्हणून जीपवाला पाच मिनिटं दाखवायला म्हणून थांबला होता. त्या पाच मिनिटांना आता तास झाला होता.

काकांनी मागचे दोन्ही ड्रम काढले होते. शेडच्या वाशाला त्यांची एक दोरी कायम लटकत असे. ड्रम त्या दोरीला टांगायचा आणि लहान पान्याने हळूच टोला द्यायचा. धड ड्रम घंटेसारखा वाजतो, आवाज रेंगाळतो. चीर गेलेला ड्रम वाजत नाही, नुसता बोलून गप्प बसतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला सापडते, असं त्यांचं म्हणणं.

"या, भाऊसाहेब, ऐका," ते मला म्हणाले. पहिला ड्रम टांगून टोला दिला. आवाज शेडभर फिरून पत्र्याला लागून परत आला. मग दुसरा टांगला. टोला दिला आणि 'बद्द' असा एवढासा आवाज येऊन तिथल्या तिथे मेला. तडा गेलेलं मडकं वाजावं तसा. मला संगीतातलं काही कळत नाही, पण या दोन आवाजांत चूक करायला माणूस बहिराच हवा होता.

"हा गेला," काका म्हणाले. "लेथवर घासून घासून पातळ केलाय कुणीतरी. आता आतून चिरलाय. उतारावर तापला की फुटणार."

जीपवाला घायकुतीला आला होता. "काका, आजच्या दिवस बसवा. परवा नवीन आणतो, आईशपथ."

"आज उतार आहे. परवा मोकळी गाडी आहे. परवा जुना लाव, आज नवीन लाव."

"अहो, मुहूर्त आहे! ते लोक बघा, बसलेत. मी सावकाश नेतो."

"सावकाश कशानं नेणार? ब्रेकनंच ना?"

जीपवाल्याचा आवाज चढला. ड्रम माझा आहे, गाडी माझी आहे, तुम्ही नाही बसवला तर मी बसवतो, नाक्यावरचा कुणीही बसवून देईल. असं म्हणून त्याने दोरीवरचा ड्रम सोडवायला हात घातला. काकांनी स्वतःच ड्रम सोडवला, बाहेर नेऊन दगडावर ठेवला, कोपऱ्यातला घण उचलला आणि एकच घाव घातला. ड्रमचे तीन तुकडे झाले.

सगळे दचकले. आंब्याखालची पोरंसुद्धा. मग जीपवाला जे ओरडायला लागला ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवरदेवाचा बाप हळूहळू उठून आला. अंगावर नवं धोतर, डोक्याला फेटा, आवाज अगदी खालचा. "काका, माझ्या पोराचा मुहूर्त गेला."

"पोरगा राहिला ना?" काका म्हणाले.

म्हाताऱ्याला ते पटलं की नाही सांगता येत नाही. त्याने नुसती मान हलवली आणि वऱ्हाड गोळा केलं. शेवटी ते सगळे एसटीने गेले, अर्ध्या वाटेत टेम्पो मिळाला आणि लग्न तीन तास उशिरा लागलं. मुलीकडच्यांनी जेवणावळीत मुलाकडच्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. आणि काका? ते त्याच संध्याकाळी मिळेल त्या पहिल्या गाडीने वापीला गेले आणि त्या जीपचा नवा ड्रम खांद्यावर घेऊन आले. सकाळी जीपवाला तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात पोचला तेव्हा ते त्याच्या जीपला ड्रम बसवत होते.

ठाण्यात मलाही बोलावलं. साक्षीदार म्हणून. वऱ्हाडातलं कुणी यायला तयार नव्हतं, मी तर सरकारी माणूस. खोलीत चौघेच होतो. टेबलामागे साहेब, या बाजूला जीपवाला, त्या बाजूला काका आणि मधे मी.

साहेब भला माणूस होता, पण कामात होता. त्याने काकांना विचारलं, "अपघात झाला असता, याला पुरावा काय?"

"साहेब, पुरावा हवा होता तर ड्रम लावून द्यायला पाहिजे होता."

साहेबाने पेन खाली ठेवलं. त्याला हसू आलं होतं, पण ते त्याने मिशीत ठेवलं. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तिथे होता म्हणे. यांनी तुम्हाला आवाज ऐकवला. काय ऐकलंत?"

आता माझी बाजू सांगतो. बदल्यांच्या याद्या निघायच्या होत्या. जीपवाल्याचे मामा आमच्या कार्यालयात रोज चहाला येत आणि आमचे वरिष्ठ त्यांच्यासाठी उठून उभे राहत. माझी मुलगी डहाणूला शाळेत. एवढ्या सगळ्याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. नोकरीत मी एक वाक्य फार लवकर शिकलो होतो आणि तेच तिथे लिहून दिलं : 'सदर बाबतीत मला तांत्रिक माहिती नसल्याने मी काही सांगू शकत नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

काकांनी चष्मा लावून तो कागद वाचला. पूर्ण वाचला. आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

ते टोमणा मारत नव्हते. हेच वाईट होतं. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं होतं. त्यांना माझं अक्षर खरंच आवडलं होतं.

साहेबाने दोघांची समजूत घातली. काकांनी लिहून द्यायचं ठरलं की यापुढे गिऱ्हाइकाची वस्तू फोडणार नाही. ते म्हणाले, "वस्तू फोडणार नाही असं लिहितो. चिरलेला ड्रम फोडणार नाही असं लिहीत नाही. तो वस्तू राहिलेला नसतो." साहेबाला जेवायला जायचं होतं. त्याने तेवढंच लिहून घेतलं.

त्यानंतर प्रवासी जीपवाल्यांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. एकूणएक सगळ्यांनी. शेडपुढची गर्दी ओसरली, बाकावर कुत्री झोपायला लागली. वर जो तो विचारायचा, काय झालं असतं एवढं? जीपवाला स्वतः सांगत फिरायचा की मी त्या घाटातून वीस वर्षं गाडी नेतोय, मला कधी काही झालं नाही. त्यांच्या धंद्याचं हेच होतं. डॉक्टरने वाचवलेला माणूस निदान आजारी तरी पडलेला असतो. यांनी वाचवलेल्या माणसांना कधी काही झालेलंच नसायचं, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवून सांगावं असं कुणी उरतच नसे. ते पंधरा-सोळा जण आज आपापल्या शेतात भात लावत असतील आणि मुहूर्त चुकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला शिव्या देत असतील. देत आहेत, हीच त्याच्या कामाची पावती.

मीही तिकडे जायचं टाळायला लागलो. हायवेवर कॉम्प्युटरने चाकं बॅलन्स करणारं मोठं दुकान झालं होतं. थंडगार खोली, बसायला सोफा आणि शेवटी चाकांत फरक उरला नाही असं सांगणारी दोन शून्यं छापलेला कागद. सात-आठ महिने मी तिकडे गेलो. त्या दुकानात कुणी माझ्या लायनरकडे बघून काही बोलत नसे, हे मला फार सोयीचं वाटायचं. मग एक दिवस ब्रेक दाबला की पेडल पायाला धडधडायला लागलं. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, एवढ्या जुन्या ड्रमचं आम्ही काम घेत नाही." मी पुन्हा शेडवर गेलो.

काकांनी इतके दिवस कुठे होता असं विचारलं नाही. ड्रम काढले, पहिला दोरीला टांगला, टोला दिला. घंटेसारखा छान आवाज झाला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण ते तसेच उभे राहिले. पुन्हा टोला दिला, जरा जोरात. मान वाकडी करून थांबले. मग त्यांनी ड्रमच्या कडेवर बोटाचं टोक टेकवलं आणि तिसऱ्यांदा टोला दिला. आवाज नव्हे, थरथर बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसा वाजला?"

"छान वाजला, काका," मी म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो. "खणखणीत!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. ड्रमकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. बराच विचार करून म्हणाले, "पण भाऊसाहेब, तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्हीच लिहून दिलंय."

यातही टोमणा नव्हता. कागदावर जे होतं ते ते मानत होते, एवढंच. त्यांनी दोन्ही ड्रम गोणपाटात बांधले आणि माझ्या डिकीत ठेवले. "तुमच्या ऐकण्यावर लावता येणार नाही, आणि माझ्या ऐकण्याचं हे असं. वापीहून नवीन जोडी आणा आणि कुणाकडूनही बसवून घ्या. तोवर एसटीनं जा." खणखणीत वाजलेला तो ड्रम मी दुसऱ्यासकट भंगारात घातला.

महिन्याभरात शेड बंद झाली. कॉम्प्युटरने म्हाताऱ्याला बसवलं, असं नाक्यावर म्हणत. आमच्यामुळे बसला, असं जीपवाले म्हणत. खरं कारण मला माहीत होतं आणि त्याही बाबतीत मी काही बोललो नाही. त्यांना कुणी घालवलं नव्हतं. त्यांनी स्वतःला तपासलं होतं आणि नापास केलं होतं.

ते मुलीकडे राहायला गेले, किनाऱ्यावरच्या झाईला. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गेलो. मुलीच्या घरामागे चिकूची वाडी, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे गल्लीत कोळणी बोंबील वाळत घालत होत्या. मुलगी म्हणाली, "बाबांना आता अजिबात ऐकू येत नाही. मशीन आणलंय, पण लावत नाहीत. मोठ्यानं बोला हां, भाऊसाहेब."

काका खाटेवर बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा. मला पाहून मनापासून खूश झाले, चहा सांगितला, माझ्या मुलीचं विचारलं. मी निवृत्त झाल्याचं खुणेने सांगितलं. बदली शेवटपर्यंत झाली नाही, हे सांगितलं नाही. मग जे बोलायला आलो होतो ते बोललो.

"काका, त्या दिवशी तो ड्रम चिरलेलाच होता. मी ऐकलं होतं."

"काय?"

"मी ऐकलं होतं! ठाण्यात मी खोटं लिहून दिलं!"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून मोठ्यानं."

मी उभा राहिलो आणि छातीतून ओरडलो, "ड्रम फुटलेला होता! मला माहीत होतं! मी खोटं बोललो!"

गल्लीतल्या कोळणींचे हात थांबले. शेजारच्या ओट्यावर एक माणूस बाहेर येऊन उभा राहिला. मुलगी पदर तोंडाला लावून जागच्या जागी थबकली.

काकांना या वेळी कळलं. त्यांनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"एवढं ओरडायला कशाला हवं होतं, भाऊसाहेब? त्या दिवशी ठाण्यात आपण चौघेच होतो. आणि मला तेव्हा चांगलं ऐकू येत होतं."